आधी किल्ली, मग नेम

माझ्या कपाटात बारा बोरची एक दुनळी बंदूक आहे. सासऱ्यांची. शेतीरक्षणाच्या परवान्यावर त्यांनी ती घेतली होती, त्यांच्या पश्चात ती माझ्या नावावर झाली. त्याला आता आठ वर्षं झाली. एवढ्या काळात बागेत ती मी दोनदा झाडली, दोन्ही वेळा वनखात्याचा कागद हातात आल्यावर. बाकी सगळे दिवस ती कुलपात असते. त्यामुळे नवा परवाना मिळालेलं कुणी माझ्याकडे येऊन "काकी, नेम कसा धरायचा?" असं विचारतं, तेव्हा मी उलट विचारते, "किल्ली कुठे ठेवणार?" बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. काडतुसं किती, दुकान कुठलं, चांगली बंदूक कुठली, हे सगळं पाठ असतं.

मी कुडाळपासून आत एका वाडीत राहते. काजू, थोडे आंबे, खाली पाणथळीत भात. बंदुकीतलं मला जे येतं ते शेजारच्या हवालदारकाकांनी शिकवलेलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिले तीन आठवडे मला काडतुसाला हातही लावू दिला नाही.

कागदांचं आधी उरकते. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, म्हणजे आमच्याकडे ओरोसला कलेक्टर कचेरीत. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्त. अर्ज ए-1 नमुन्यात करायचा, वय एकवीस पूर्ण हवं, पोलिसांचा अहवाल येतो, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात. शस्त्र कायद्याची 2019 ची दुरुस्ती येईपर्यंत तीन चालत. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनाची पाच वर्षं झाली. मुदत संपायच्या दोन महिने आधी मी कॅलेंडरवर लाल खूण करते, कारण मुदत संपलेल्या परवान्यावर घरात असलेली बंदूक ही बेकायदा बंदूकच.

घरच्या जुन्या बंदुकीबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण कोकणात निम्म्या बंदुका अशाच वारशाने येतात. परवानाधारक गेला की त्याचा परवानाही संपतो. "बाबांची आहे, राहू दे माळ्यावर" असं चालत नाही. बंदूक आणि काडतुसं लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि मग वारसाने स्वतःचा अर्ज करायचा. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, त्यासाठी मुंबईच्या दोन नणंदांच्या सह्या मिळवताना माझा एक गणपती आणि एक शिमगा गेला. "बाईच्या नावावर कशाला, मुलाच्या करा," असंही एका टेबलावर ऐकलं. मुलगा पुण्याला, बाग मी बघते, डुकरं माझ्या बागेत येतात, एवढं सांगितलं आणि अर्ज पुढे सरकवला. हा सगळा खटाटोप टाळायचा असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांत सोय आहे. धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं झाली, की तो हयात असतानाच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. घरात म्हातारं माणूस असेल तर हे आजच बोलून घ्या.

आता बंदूक हातात घेऊ.

हवालदारकाकांचं पहिलं वाक्य होतं, "बंदूक रिकामी कधीच नसता गो." कुणी "रिकामी आहे" म्हणून हातात दिली, तरी ती भरलेली आहे असं धरून घ्यायचं आणि स्वतः उघडून बघायचं. मग ती देणारा नवरा असो की फौजदार. दुनळी उघडणं सोपं असतं. नळी जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर, त्याभोवतीच्या कडीला सरळ टेकवलेलं. अंगठ्याने वरचा खटका उजवीकडे ढकलायचा, की बंदूक बिजागरीवर मोडते आणि दोन्ही नळ्यांची मागची तोंडं समोर येतात. डोळ्यांनी बघायचं आणि वर करंगळी घालून चाचपायचं. अंधारात, घाईत डोळे फसतात, बोट फसत नाही. मग मागच्या बाजूने उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघायचं. पुढच्या तोंडाकडून डोळा लावायचा नाही, कधीच.

आरपार का बघायचं, ते मी माझ्याच चुकीतून शिकले. एका चैत्रात कपाटाचं बिजागर दुरुस्तीला दिलं होतं म्हणून आठ दिवस बंदूक आतल्या कुलूपबंद खोलीत खुंटीवर टांगून ठेवली. परत ठेवताना सवयीने उघडली, तर डाव्या नळीतून उजेडच येईना. कुंभारमाशीने आत मातीचं घर बांधलं होतं, वाळून चिऱ्यासारखं घट्ट झालेलं. तशीच झाडली असती तर नळी फाटून डाव्या हाताची बोटं गेली असती. नळीत अडकलेली कसलीही वस्तू, माती, चिंधी, तुटलेला ब्रश, मागच्या गोळीची न निघालेली बुची, हे सगळं नळी फोडायला पुरेसं असतं. झाडताना आवाज नेहमीपेक्षा पोकळ, फुसका आला, तर दुसरी गोळी झाडायची नाही. उघडून, रिकामी करून आधी नळी बघायची.

दुसरं वाक्य, "नळी खंय बघता ता आधी बघ." घरात बंदूक हाताळायची असेल तर नळीला बघायला एक जागा ठरवून द्या. माझ्या घरात ती मागच्या पडवीची चिऱ्याची भिंत आहे, तिच्यापलीकडे मातीचा उंच बांध. छताकडे नळी करणं सिनेमात छान दिसतं. आमच्या घरांत वर माळा असतो, माळ्यावर माणसं झोपतात, आणि मंगलोरी कौल काही अडवत नाही. लादीवरून छर्रे उसळतात.

सुरक्षेच्या कळीवरचा विश्वास हा तिसरा धडा. दस्त्याच्या मानेवर अंगठ्याने सरकणारी ही कळ असते. ती मागे ओढली की बंदूक "बंद" झाली असं नव्या माणसाला वाटतं. बहुतेक दुनळींत ती कळ फक्त चाप अडवते, काडतुसावर आपटणारा आतला घोडा चढलेलाच राहतो. भरलेली बंदूक हातातून दगडावर पडली तर कळ बंद असूनही बार उडू शकतो. म्हणून कुंपण ओलांडताना, वहाळ उतरताना, झाडावर चढणाऱ्याला हात देताना, आधी काडतुसं काढून खिशात आणि बंदूक मोडून कोपरावर. मोडलेली बंदूक लांबूनही दिसते, समोरच्याला विचारावं लागत नाही.

जुन्या बंदुकीत काडतूस कुठलं घालायचं हे नळीवर कोरलेलं असतं. बोर बाराच असला तरी काडतुसाच्या लांबीत फरक असतो. जुन्या पुष्कळ बंदुकांची खोबण 65 मिलिमीटरच्या काडतुसाला बेतलेली आहे, बाजारात मिळतं ते बरेचदा 70 चं. फसवणूक अशी की लांब काडतूस आत बसतं, बंदूक नीट मिटते. न झाडलेल्या काडतुसाचं तोंड मुडपलेलं असतं ना, ते झाडताना उलगडून पुढच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब वाढतो. नळीच्या लोखंडावर नागमोडी नक्षी असलेली फार जुनी बंदूक कुणाच्या घरात असेल तर ती जाणकार बंदूक-मिस्त्रीला दाखवल्याशिवाय झाडू नका. परवान्यावर असू दे, भिंतीवर शोभू दे, पण भिंतीवरही कुलपातच.

काडतूस झाडलं आणि नुसतं "टिक" वाजलं, तर लगेच उघडू नका. नळी समोर, मोकळ्या दिशेला धरून निदान तीस आकडे मोजा. दमट काडतूस कधी कधी उशिरा पेट घेतं. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक असेल तर मिनिटभर, जास्तच थांबा.

ठासणीवरून आठवलं. आमच्या भागात ठासणीच्या बंदुका अजून आहेत, काही परवान्यावर, काही नाहीत. बिनपरवाना असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, आधी वकील गाठा. परवान्यावर असेल त्यांना एवढंच सांगते, की ती ठासून माळ्यावर ठेवायची पद्धत मोडा. ठासलेली नळी उघडून बघता येत नाही, पुढून भरलेलं मागून दिसत नाही, आणि केप, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, काढून ठेवली म्हणजे ती रिकामी झाली असं होत नाही. काकांनी मला एक युक्ती दाखवली होती. नळी पूर्ण रिकामी असताना गज आत तळापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करायची. पुढे कधीही गज सोडला आणि खूण वर राहिली, की आत काहीतरी आहे.

ठेवण्याची गोष्ट मी मुद्दाम सावकाश सांगते, कारण सगळ्यांत जास्त चुका इथेच.

बंदूक दोन तुकड्यांत ठेवते, नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. पुढची लाकडी मूठ काढली की ती सुटते, दोन मिनिटांचं काम. दोन्ही तुकडे लोखंडी कपाटात, कपाट भिंतीला बोल्टने आवळलेलं. नाहीतर चोर कपाटासकट नेतात. काडतुसं त्या कपाटात नाहीत. ती दुसऱ्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत, वेगळं कुलूप. दोन किल्ल्या आणि त्या दोन वेगळ्या जागी. देवघरातल्या डब्यात नको, गादीखाली नको, दाराच्या चौकटीवर तर नकोच. घरातल्या पोरांना आपल्या सगळ्या जागा ठाऊक असतात. आपण जेवढ्या समजतो त्यापेक्षा जास्त. मी एक किल्ली कमरेच्या जुडग्यात ठेवते, दुसरी कुठे ते मुलालासुद्धा सांगितलेलं नाही.

आमच्याकडे खरी परीक्षा चतुर्थीला. घरात वीस-बावीस माणसं, मुंबईहून आलेले चाकरमानी, त्यांची सात-आठ पोरं, रात्री भजन, आणि कुणीतरी भावोजी हमखास म्हणतो, "वहिनी, बंदूक दाखवा ना, पोरांना फोटो काढायचाय." नाही म्हणायचं. एकदाच, हसून, आणि दुसऱ्यांदा न हसता. पोरांना बंदुकीबद्दल मी सांगते मात्र जरूर. कुतूहल दाबलं तर ते कपाटापाशी जातं. दुपारी सगळ्यांना खळ्यात बसवून सांगते, की कुठेही, कुणाच्याही घरी बंदूक दिसली तर थांबायचं, हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर यायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. सहा वर्षांच्या पोरालाही हे पाठ होतं. पाठ झालं म्हणून कुलूप सैल करायचं नाही.

लग्नाच्या वरातीत किंवा निवडून आल्याच्या आनंदात हवेत बार काढणं हाही आता वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि घोटभर घेतली असेल तर बंदुकीच्या कपाटालाही हात लावायचा नाही. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळीलाही माझ्या घरात हाच नियम.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. मिस्टर गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात मला झोप लागत नव्हती. रात्री दोनला उठून बसायची. एका रात्री लक्षात आलं, की आपण कपाटासमोर बसलोय आणि कशाला आलो ते आठवत नाही. सकाळी काकांना हाक मारली, त्यांच्यासोबत बंदूक विक्रेत्याकडे नेऊन जमा केली, सहा महिने तिथेच ठेवली. विक्रेत्याने कारण विचारलं नाही, पावती दिली. घरात कुणी फार खचलेलं असेल, कर्जाने, आजाराने, दारूने, तर बंदूक घराबाहेर काढा. त्यात लाज नाही, परवान्यालाही धोका नाही. मनाच्या त्रासात मदत करणारा टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पावसाळ्याचं वेगळं शास्त्र आहे आणि त्यात कोकणातला माणूस घाटावरच्याला दोन गोष्टी शिकवू शकेल. रेक्झिनच्या कव्हरात बंदूक घालून चार महिने ठेवली, तर आश्विनात तुम्हाला गंज सापडेल. कव्हर ओल धरून ठेवतं. कव्हर फक्त प्रवासापुरतं. कपाटात उघडी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, त्या महिन्याने बदला. शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा हात फडक्याने फिरवायचा, चकाकेल इतकंच, थबथबलेलं नको. ते लाकडात उतरून दस्ता मऊ करतं. खोबरेल वापरू नका, थंडीत गोठतं आणि आतल्या कमानी चिकटतात. नळी पुसताना गज शक्यतो मागून पुढे, आधी ब्रश, मग चिंधी, चिंधी पांढरी निघेपर्यंत. ठासणीची असेल तर काळ्या दारूची राख पाणी ओढते, ती गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मगच तेल. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात. एखादं फुगलेलं, पितळ हिरवं पडलेलं दिसलं तर "चालतंय" म्हणून नळीत कोंबायचं नाही. बाजूला काढायचं आणि विक्रेत्याला किंवा ठाण्यात विचारून जमा करायचं. चुलीत, विहिरीत टाकायचं नाही.

साफसफाईला बसण्याआधी काडतुसं खोलीबाहेर. "साफ करताना सुटली" अशा बातम्या वाचते तेव्हा मला प्रत्येक वेळी एकच प्रश्न पडतो, की साफ करायला बसताना काडतूस जवळ होतंच कशाला?

बागेत बंदूक घेऊन जाण्याबद्दल नव्या माणसाचा मोठा गैरसमज असतो. शेतीरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पीक खाल्लं म्हणून मारायचं तर आधी वनखात्याची लेखी परवानगी. गव्याचा तर विचारही नको, तो पहिल्या, सगळ्यांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत. मी पहिल्या वर्षी सौर कुंपण घातलं, दोन कुत्रे पाळले, आणि डुकरांचा त्रास निम्म्याहून कमी झाला. बंदुकीने तेवढं कधीच केलं नसतं.

झाडायची वेळ आलीच तर चालणाऱ्या झुडपावर, चमकणाऱ्या डोळ्यांवर, आवाजावर झाडायचं नाही. पूर्ण जनावर दिसलं पाहिजे, आणि त्याच्यामागे काय आहे तेही. आमच्याकडे रात्री डुक्कर समजून माणूस मारल्याच्या बातम्या येतात, आणि मेलेला बरेचदा झाडणाऱ्याच्याच सोबतचा असतो. एलजी जातीच्या काडतुसातले जाड छर्रे चाळीस पावलांपलीकडे नेमाच्या कामाचे राहत नाहीत, पण उडत जातात अर्धा किलोमीटरच्याही पुढे. मधे कातळ किंवा पाणी असेल तर उसळून भलत्याच दिशेला. म्हणून मी फक्त उतारावर, मागे मातीचा बांध असेल त्याच दोन जागांवरून झाडते. कोण माणूस कुठे उभा आहे ते आधी मोजते. कानांत बोळे घालते. पहिल्या वेळी घातले नव्हते, कानात अजून शिट्टी वाजते.

प्रवासात बंदूक रिकामी, कव्हरात, काडतुसं वेगळी, मूळ परवाना सोबत. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं ते वाचा. आमच्या बांद्याहून पत्रादेवीचा नाका हाकेच्या अंतरावर, पण पलीकडे गोवा आहे, आणि महाराष्ट्रापुरता परवाना नाक्यावर संपतो. बंदूक भाच्याला दोन दिवस "वापरायला" देता येत नाही. तुमच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला दुसरं कुणी नेऊ शकतं, स्वतः वापरायला नाही. हरवली, चोरीला गेली तर त्याच दिवशी ठाण्यात. दुसऱ्या दिवशी शोधून मग सांगू, असं नाही. बंदुकीचा नंबर मी वहीत, फोनमध्ये आणि मुलाकडे अशा तीन ठिकाणी लिहून ठेवलाय.

निवडणुकीत जमा करायचा आदेश आला, तर जमा करण्याआधी स्वतः उघडून, रिकामी दाखवून, तेलाचा हात देऊन द्या आणि पावतीवर नंबर जुळवून घ्या. परत घेताना तिथेच टेबलावर, नळी भिंतीकडे करून, उघडून आरपार बघा. मागे रांग असली तरी.

आणि एक लिफाफा करा. माझा कागदपत्रांच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर आहे, बाहेर मुलाचं नाव. आत चार ओळी आहेत. कपाटाला हात लावू नकोस. आधी हवालदारकाकांना बोलव, ते नसले तर ठाण्यात फोन कर. परवाना निळ्या फाइलमध्ये आहे. दुसरी किल्ली कुठे आहे ते शेवटच्या ओळीत.